तांबट पक्षी, तांबट आळी आणि अठरा मुलं: बालवाडीच्या संगीत-तासाच्या नोंदी

पंचवटीत आमच्या महिला मंडळाची छोटी बालवाडी आहे. दोन खोल्या, पुढे फरशीचं अंगण, अंगणात गुलमोहर, कुंपणापलीकडे उंबर. मुलं अठरा, वय तीन ते साडेपाच. आठवड्यातून तीन दिवस सकाळी अर्धा तास मी त्यांचा संगीताचा तास घेते. यंदा ठरवलं होतं की या तासाला मुलांच्या आजूबाजूचे आवाज यावेत आणि ते आवाज काढणारी माणसंही यावीत. काम करता करता ज्या नोंदी ठेवल्या त्याच इथे देते आहे. दुसऱ्या दोन बालवाड्यांतल्या ताईंनी मागितल्या म्हणून पैशांचे आकडेही गाळले नाहीत.

17 जून

शाळा सुरू झाली. मे महिन्यात 2,400 रुपयांना वाद्यांचा एक संच घेतला होता. त्यात प्लॅस्टिकचे ढोल, खुळखुळे, रंगीत पट्ट्यांचं एक वाद्य आणि दोन बासऱ्या. आज तो उघडला. दहा मिनिटांत दोन ढोल फाटले, बासरी चार तोंडांतून फिरली, आणि पट्ट्यांच्या वाद्याचा एकही स्वर माझ्या पेटीशी जुळेना. मुलांना मजा आली, त्याबद्दल तक्रार नाही. पण अर्ध्या तासात एकही मूल दुसऱ्याचं ऐकायला थांबलं नाही. इतक्या गलक्यात थांबणार तरी कसं?

संच कपाटात ठेवला. परत घेत नाहीत.

24 जून

गाणं मी म्हणते तेव्हा मुलं मागे नुसती बोलतात, गात नाहीत. आठवडाभर मला वाटत होतं की ती लाजतात. आज मदतनीस ताईंनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. त्या अंगाईसारखं काहीतरी गुणगुणत होत्या आणि मागची तीन मुलं त्यांच्याबरोबर नेमक्या सुरात गात होती. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा बराच वर असतो.

माझी सवयीची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा. या पट्टीत माझं गाणं मध्य सा पासून खाली मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत जातं. एवढ्या खाली लहान मुलाचा गळा पोचतच नाही, मग ते बोलून वेळ निभावतं. सा पांढरी दोनवर नेला, गाणी सा ते प एवढ्यातच ठेवली आणि पेटी बंद केली. दुसऱ्या दिवशी अठरापैकी अकरा जणांचा सूर लागला.

नवी पट्टी मला अवघड जाते, घसा दुखतो. पण माझ्या सोयीच्या पट्टीत मुलांना गायला लावण्यात अर्थ नव्हता. हे आधी कळायला हवं होतं. माझा आठवडा गेला.

5 जुलै

पाऊस. आज काहीच वाजवलं नाही. खिडकीपाशी बसून डोळे मिटायचे आणि जे ऐकू येईल ते सांगायचं, एवढंच. पहिल्यांदा सगळ्यांनी 'पाऊस' म्हटलं. मग पाऊस कशावर पडतोय, असं विचारल्यावर गाडी सुटली. पत्र्यावर वेगळा, उंबराच्या पानावर वेगळा, शेजारच्यांच्या प्लॅस्टिकच्या ड्रमवर वेगळा, पन्हाळीतून खाली फरशीवर अजून वेगळा. एक साडेतीन वर्षांची मुलगी म्हणाली, "चपलेवर पण पडतोय." दारात काढलेल्या चपला भिजत होत्या. तो आवाज मला तोवर ऐकू आला नव्हता.

या एका तासाने वर्षाची दिशा ठरली. वाद्य नंतर. आधी आवाज कुठून येतो, कशाचा आहे, तो कोण काढतंय, हे मुलांनी शोधायचं. वहीत पहिलं पान केलं, 'आमचे आवाज'. मुलं खुणेची चित्रं काढतात, शेजारी मी शब्द लिहिते.

8 ऑगस्ट

गंगापूर धरणातून पाणी सोडलं. दोन दिवस मुलं कमी आली, नदीकाठच्या घरांत सामान वर चढवायची धावपळ होती. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं, हे नाशकातलं प्रत्येक घर विचारतं, तसंच बालवाडीतही सगळं तेवढंच चाललेलं.

मुलांना घरी विचारायला सांगितलं, पूर आला की काय काय ऐकू येतं? दोन दिवसांनी उत्तरं आली. दुकानांची शटर. भांडी गोळा केल्याचा खणखणाट. मोठ्या माणसांच्या हाका. पाण्याचा घूंऽऽ असा एकच आवाज, जो रात्री जास्त येतो. एका आजोबांनी सांगून पाठवलं की घाटावरच्या घंटा बंद होतात, तेव्हा पूर आला हे कळतं. आणि एक मुलगी म्हणाली, "मारुतीला पाणी आलं की आजी बोलत नाही." ते उत्तर मी वहीत जसंच्या तसं लिहिलं.

मग तो पूर हातांनी वाजवायचा ठरवला. बोटांच्या टोकांनी थेंब, तळव्यांनी सर, पालथ्या घागरीवर मुठीने लोंढा. इथे माझी चूक झाली. "आता मोठ्ठा!" असं मी म्हटलं आणि घागरींचा असा गदारोळ उठला की तीन वर्षांची दोन मुलं घाबरून रडायला लागली. त्यांतल्या एकाच्या घरात तेव्हा खरंच पाणी शिरलेलं होतं. मला ते माहीत असायला हवं होतं, माहीत नव्हतं.

त्यानंतर दोन नियम केले, ते अजून पाळतो. आवाज नेहमी लहानापासून मोठा करायचा, थेट मोठा नाही. आणि कुठल्याही मुलाने दोन्ही हात कानांवर ठेवले की सगळ्यांनी थांबायचं. कोणी कान झाकले हे बघण्याची जबाबदारी मुलांचीच. त्यामुळे वाजवता वाजवता ती एकमेकांकडे बघायला लागली.

28 ऑगस्ट

खुळखुळे घरी करायचे म्हणून पालकांना वाळलेल्या शेंगा आणि बिया पाठवायला सांगितलं. काय बिया, हे सांगितलं नाही. ही चूक गंभीर होती, म्हणून सविस्तर लिहिते.

एका डबीत लालभडक, काळ्या टिपक्याच्या गुंजा आल्या. दिसायला सुंदर, आवाज बारीक आणि गोड. गुंज विषारी असते. अख्खी गिळली तर एकवेळ तशीच बाहेर पडते, चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. तीन वर्षांचं मूल प्रत्येक गोष्ट तोंडात घालतं. डबी त्याच क्षणी बंद केली, संध्याकाळी त्या घरी जाऊन परत दिली आणि नीट समजावून सांगितलं. त्यांनी मनापासून पाठवली होती, त्यांना वाईट वाटू नये याची काळजी घेतली.

उरलेल्या बियांत चिंचोके, सीताफळाच्या बिया, ज्वारी, तूर. बाटल्यांत भरून झाकणं चिकटवली. तिसऱ्या दिवशी एका मुलाने दाताने झाकण उघडलं. सगळे खुळखुळे गोळा केले. सीताफळाच्या बियाही लहान मुलांजवळ नकोत, हे त्याच संध्याकाळी एका शेतकरी आजोबांनी सांगितलं. त्या वाटून किडीवर मारतात.

आता काय वापरतो? गुलमोहराच्या वाळलेल्या शेंगा, अख्ख्या, न उघडलेल्या. हातभर लांब, आतल्या बिया कप्प्याकप्प्यांत बसलेल्या, हलवली की सुरेख खुळखुळते. झाडाखालून उचलायची, पुसायची, चीर दिसली की टाकून द्यायची. खर्च शून्य. शिरीषाच्या शेंगाही वाजतात पण पातळ असतात, लगेच तुटतात.

12 सप्टेंबर

पालकसभा. हे लिहिताना अजून थोडं मन भरून येतं.

दोन-तीन पालकांनी विचारलं की मुलं सारेगम कधी शिकणार. मग एका मुलाचे आजोबा उठले. म्हणाले, "याच पंचवटीत गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधार आश्रम काढला. त्यांचे चिरंजीव, गायक द. वि. पलुस्कर 1921 मध्ये याच गावात जन्मले. त्या जागी तुम्ही मुलांना घागरी बडवायला शिकवता?"

मी त्यांचा राग समजू शकत होते. माझंही सगळं शिक्षण त्याच परंपरेतल्या परीक्षांवर झालं आहे. उत्तर द्यायचं सोडून मी त्यांना पुढच्या सोमवारी तासाला बसायला बोलावलं. ते आले. मुलांनी डोळे मिटून त्यांना चौदा आवाज सांगितले. तास संपल्यावर ते म्हणाले, माझ्या लहानपणी आम्ही तांबट आळीजवळ राहायचो, दिवसभर ठोक्यांचा आवाज असायचा, रविवारी तो बंद असला की चुकल्यासारखं व्हायचं. घागरींबद्दल ते पुढे काही बोलले नाहीत.

त्यांच्या त्या वाक्यावरून मला तांबट पक्षी आठवला. हिरवा, कपाळाला लाल टिळा, उंबरावर येतो. त्याचं नावच तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबटाच्या ठोक्यावरून पडलं. झाड बालवाडीच्या कुंपणाला आहे आणि आळी नदीपलीकडे. मुलांनी आधी पक्षी ऐकायचा, मग माणूस ऐकायचा, असं मनात बसलं.

त्याच सभेत सुरगाण्याकडच्या एका वडिलांशी बोलणं झालं. ते बांधकामावर मजूर आहेत. भोपळ्याला बांबूच्या नळ्या बसवलेली पावरी त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाजते. मी लगेच म्हटलं, दादा, बालवाडीत आणाल का? ते म्हणाले, आमच्या घरात ती देवाच्या दिवसांतच उतरवतात. मी पुन्हा आग्रह केला. तो करायला नको होता. ते नुसते हसले आणि निघून गेले.

ऑक्टोबर, नवरात्र

भोंडला अंगणातच केला. पाटावर हत्ती काढला, चार आज्यांनी गाणी म्हटली, मुलगे-मुली सगळे फेरात. काही शिकवावं लागलं नाही. एवढंच शिकले की आज्यांची पट्टीही मुलांना खाली पडते. पण फेर धरलेला असताना मुलांना त्याचं काही वाटत नाही, ती पावलांनी गातात.

9 नोव्हेंबर

अंगणात आवाजांची भिंत करायची म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून पाऊण इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आणला, मध्यम जाडीचा, 6 मीटरची एक लांबी, 820 रुपये. कापणं आणि भोकं पाडणं गॅरेजवाल्याकडे, 350 रुपये.

स्वर निवडले भूप रागाचे: सा रे ग प ध आणि वरचा सा. भूपात मूल कुठलीही नळी कुठल्याही क्रमाने वाजवू दे, कानाला खुपत नाही. लांबी मी तारेच्या हिशेबाने काढली. तार अर्धी केली की वरचा सा मिळतो, म्हणून 60 सेंटिमीटरला सा धरून 53.3, 48, 40, 36 आणि 30.

टांगलं. वाजवलं. भूपाचा मागमूस नाही. रे म्हणून कापलेली नळी ग बोलत होती, तीही किंचित चढी. वरच्या सा साठी कापलेली 30 ची नळी थेट दोन सप्तकं वर. शिवाय आवाज मेलेला, ठक्क करून थांबणारा.

त्या संध्याकाळी मी फार खट्टू झाले. मंडळाच्या वर्गणीतले पैसे होते.

18 नोव्हेंबर

दोन चुका सापडल्या, दोन्ही इथे लिहिते म्हणजे कोणाचा पाइप वाया जाणार नाही.

पहिली, लांबीची. टांगलेली नळी तारेसारखी वागत नाही. तिच्यात स्वराची कंपनसंख्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. लांबी अर्धी केली तर कंपनं दुप्पट होत नाहीत, चौपट होतात. म्हणून वरच्या सा साठी 60 ला 1.414 ने भागायचं. बरोबर लांब्या अशा: सा 60, रे 56.6, ग 53.7, प 49, ध 46.5, वरचा सा 42.4.

सगळं नव्याने कापावं लागलं नाही, हे नशीब. 60 ची नळी तशीच ठेवली. 53.3 ची छाटून 49 केली, 48 ची 46.5. रे, ग आणि वरचा सा एवढे तीन नवे तुकडे उरलेल्या पाइपातून निघाले. चुकून कापलेली 40 ची नळी तर वरच्या सप्तकातल्या रे वर चपखल बसली. ती सातवी नळी म्हणून टांगली आहे.

दुसरी चूक, भोकाची. मी टोकापासून एक सेंटिमीटरवर भोक पाडलं होतं. वाजताना नळीची टोकं आणि मधला भाग सगळ्यात जास्त हलतात. तिथे दोरी बांधली की ती आवाज खाते. दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे 22.4 टक्क्यांवर नळी जवळजवळ स्थिर असते. भोक तिथेच हवं. 60 च्या नळीला 13.4 सेंटिमीटरवर, 42.4 च्या नळीला 9.5 वर. नळी आडवी टांगायची, मुलाने मधोमध मारायचं. भोकांच्या कडा कानशीने घासून, नायलॉनची दोरी आणि रबरी वायसर लावले, 160 रुपये. सुती दोरी घेऊ नका, पावसात टिकत नाही.

आज सा वाजला तेव्हा अंगणात सगळे गप्प झाले. नाद विरेपर्यंत मुलं नळीकडे बघत राहिली. एकाने बोट लावलं, आवाज थांबला, बोट काढून तो स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला.

एक गोष्ट मात्र राहिली. या भिंतीचा सा पांढरी सहाच्या आसपास आला, म्हणजे आमच्या गाण्याचा पंचम. वाजवायला उत्तम, पण त्याला सा धरून मुलांना गाता येत नाही. गाण्याच्या पट्टीत भिंत हवी असेल तर याच जाडीच्या पाइपाची सुरुवात 73 सेंटिमीटरच्या आसपास करावी लागेल. तेवढा पाइप आता नाही.

2 डिसेंबर

मागच्या घरातले एक गृहस्थ अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करतात आणि सकाळी झोपतात. ते तक्रार घेऊन आले, आणि त्यांचं बरोबर होतं. मुलं लोखंडी पळीने नळ्या मारत होती. मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या अॅपने भिंतीजवळ 80 च्या वर आकडा दाखवला. अॅप काही अचूक यंत्र नव्हे, पण निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. माझ्या मुलांच्या कानांनाही तो आवाज बरा नाही.

लाकडी काठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ठोकण्या केल्या. आवाज मऊ आणि गोल झाला, नादही जास्त टिकतो. भिंत रस्त्याच्या बाजूला हलवली, वेळ साडेदहा ते अकरा ठरवली आणि एरवी ठोकण्या कपाटात. त्या गृहस्थांना पंधरा दिवसांनी जाऊन विचारलं. झोप होते म्हणाले. आता त्यांची पुतणी बालवाडीत यायला लागली आहे.

16 डिसेंबर

महिनाभर तांबट पक्ष्याची वाट पाहतोय. रोज सकाळी पाच मिनिटं उंबराखाली उभं राहायचं. पक्षी दोनदा दिसला, फळं खात होता, पण एकदाही बोलला नाही. मुलं कंटाळली. मी पालकांना पत्रक काढून डिसेंबरात 'तांबट आठवडा' जाहीर केला होता, तो रद्द केला.

पक्षी पाहणाऱ्या एका ताईंना फोन केला तेव्हा कळलं की हिवाळ्यात तो बहुतेक गप्पच असतो, विणीचा काळ जवळ आला की हाक सुरू होते. पक्ष्याच्या वेळापत्रकाची चौकशी न करता मी शाळेचं वेळापत्रक आखलं होतं.

सुरगाण्याचे दादा मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला गावी जाऊन आले. पावरीचा विषय मी काढला नाही. तेच एका सकाळी कामावर जाण्याआधी आले, खिशात पिंपळाची पानं. पानाची गुंडाळी करून पिपाणी वाजवून दाखवली. पाच वर्षांच्या चौघांना जमली, बाकीच्यांची नुसती फुरफुर. मग त्यांनी मोबाइलवर आपल्या गावातल्या पावरीचा आवाज ऐकवला, एकदाच, आणि मुलांना हात धरून तिची पावलं शिकवली. त्यांचा मुलगा वर्गात सहसा बोलत नाही. त्या दिवशी तो रांगेत सगळ्यात पुढे होता आणि मागच्यांना "डावा, डावा" सांगत होता.

20 जानेवारी

नोव्हेंबरात बांबूच्या नळ्याही टांगल्या होत्या, 300 रुपये. आज त्यांच्याखाली पिठासारखी पिवळी भुकटी दिसली. किडीने पोखरल्या. बुरूडकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, कोवळा बांबू आणि तोही न भिजवता वापरला, दुसरं काय होणार. पक्का बांबू घ्यायचा, काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचा आणि सावलीत वाळवायचा. नळ्या जाळल्या.

13 फेब्रुवारी

बोलला!

सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. टुक, टुक, टुक, टुक, एकाच स्वरात, एकाच लयीत. पहिल्यांदा कुठून येतोय तेच कळेना. हाक देताना तो मान इकडेतिकडे फिरवतो, म्हणून आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो. उंबराच्या शेंड्याच्या सुक्या फांदीवर त्या चपलेवरचा पाऊस ऐकणाऱ्या मुलीनेच तो शोधला. दुर्बिणीतून एकेकाला दाखवला. चोच मिटलेलीच असते आणि प्रत्येक ठोक्याला गळा फुगतो. मुलांनी तोंड मिटून, गाल फुगवून तसंच करून पाहिलं. मोबाइलवरच्या तालयंत्राशी जुळवलं तर मिनिटाला 110 च्या जवळपास ठोके निघाले. एक मुलगा म्हणाला, "हा थकत नाही का?" सात मिनिटं तो थकला नाही.

21 फेब्रुवारी

तांबट आळीची पहिली फेरी. फसली.

अठराही मुलं, आम्ही तिघी आणि दोन आया. होळकर पुलावरून रविवार कारंजा आणि पुढे भांडी बाजार, सगळं चालत. पुलावर वाऱ्याने दोन टोप्या उडाल्या, रिक्षांच्या हॉर्नने मुलं भांबावली, कारंज्यापर्यंत पोचायलाच पाऊण तास लागला. आळीत पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती, ठोके बंद. एक मूल झोपलं, एकाला उलटी झाली. परत फिरलो.

रात्री ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या कामाबद्दल पूर्वी वाचलेलं आठवत होतं. बोर्डीला 1945 मध्ये काम सुरू झालं तेव्हा मुलं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मी नेमकं उलटं करत होते. अठरा मुलांना ओढत नेत होते, आणि तेही तिथे काय वेळ आहे हे न विचारता.

6 आणि 7 मार्च

या वेळी आधी एकटी गेले. ज्या तांबटकाकांनी होकार दिला त्यांना विचारलं, तुमचा हात कधी चालू असतो? सकाळी नऊ ते साडेअकरा. मुलांच्या दोन तुकड्या केल्या, नऊ-नऊच्या, प्रत्येकीबरोबर चार मोठी माणसं. पलुस्करांचं नाव घेणारे आजोबा दोन्ही दिवस आले. तीन रिक्षा, एकेरी 40 रुपये; दोन दिवसांचे मिळून 480.

काका तांब्याचा हंडा मठारत होते. एका ठोक्याशेजारी दुसरा ठोका, तळापासून काठापर्यंत, सगळ्या खुणा सारख्या. मुलं दारात बसली. दोन मिनिटं नुसतं पाहिलं. मग मागून कोणीतरी बारीक आवाजात सुरू केलं, "टुक, टुक, टुक." काकांनी हात थांबवून वर पाहिलं. मुलांनी त्यांना पक्षी सांगितला. ते म्हणाले, आमच्या आज्याने सांगितलं होतं असा पक्षी आहे म्हणून, मी कधी नीट पाहिला नाही. उन्हाळ्यात दुपारी आवाज येतो, मला वाटायचं शेजारच्या दुकानात काम चालू आहे.

काकांची लय पक्ष्यापेक्षा जलद होती आणि सारखीही नव्हती. हंडा फिरवताना एक ठोका हलका पडतो, ते मुलांनी पकडलं. ठण् ठण् ठण् ठ. ती गोष्ट मी शिकवून कधी शिकवता आली नसती. का हलका, असं एकाने विचारलं. काकांनी हंडा त्याच्या हातात धरून फिरवून दाखवला. ठोक्याची जागा बदलली की आवाज बदलतो, हेही त्यांनीच ऐकवलं: तोच हंडा, तळाशी एक आवाज, काठाशी दुसरा. "आम्ही डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघतो," म्हणाले.

आजोबा एका कोपऱ्यात उभे होते. पूर्वी इथे बोलायचं तर ओरडावं लागायचं, एवढंच म्हणाले. आता ठोके मोजक्या दारांतून येतात.

काकांकडून तांब्याच्या पत्र्याच्या सहा छोट्या ताटल्या वजनावर घेतल्या, 640 रुपये, कडा त्यांनीच वळवून दिल्या म्हणजे हात कापणार नाहीत. त्या आता भिंतीवर नळ्यांच्या वर आहेत.

22 मार्च

हिशेब मंडळापुढे ठेवला. प्लॅस्टिकचा संच 2,400, पाइप 820, कापकाम 350, दोरी-वायसर 160, बांबू 300, रिक्षा 480, तांबं 640. एकूण 5,150. यातले 2,700, म्हणजे संच आणि बांबू, सरळ पाण्यात गेले. मंडळाने 3,000 दिले होते, पालकांची वर्गणी 1,800, वरचे 350 मी घातले. आज नव्याने सुरुवात करायची तर 2,500 च्या आत सगळं बसेल. आणि सुरुवातीचे दोन महिने काहीच विकत घ्यायची गरज नाही, खिडकी पुरते.

वेळ मात्र कमी धरू नका. तासाच्या अर्ध्या तासामागे बाहेर फिरणं, विचारणं, माणसांना भेटणं यात आठवड्याचे चार-पाच तास जातात. ते कुठल्याही हिशेबात येत नाहीत आणि ते टाळले की आळीच्या पहिल्या फेरीसारखं होतं.

16 एप्रिल

गुलमोहराच्या एका वाळक्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक पडलं आहे, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. तांबट पक्ष्यांची जोडी आत-बाहेर करते. मुलं त्या फांदीखाली आली की आपोआप कुजबुजतात. तशी सूचना कोणी दिलेली नाही.

पावसाळ्याआधी वाळक्या फांद्या छाटतात, आणि ही फांदी अंगणाच्या वर आहे. फांदी धोक्याची आहे का हे आज माळीकाकांना शिडी लावून पाहायला लावलं. बुंध्याकडे घट्ट आहे, पावसापर्यंत टिकेल म्हणाले. तोवर तिच्याखालचा भाग दोरी लावून बंद केला. पिल्लं उडेपर्यंत ही एक फांदी ठेवावी, असा अर्ज लिहिला आहे. खाली पालकांच्या सह्या आणि मुलांचे अंगठे. तांबटकाकांनीही सही केली, त्यासाठी ते दुकान बंद करून नदी ओलांडून आले आणि दहा मिनिटं गुलमोहराखाली मान वर करून उभे राहिले. पक्षी बोलत होता.

अर्ज उद्या देणार. जूनसाठी 73 सेंटिमीटरच्या हिशेबाने नवा पाइप सांगून ठेवला आहे.